खुराड्यातल्या फटी: माईट, उवा, जंत आणि उंदरांचा बंदोबस्त

नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याचं सगळं लक्ष खाणं, पाणी आणि अंडी यांवर असतं. खुराड्याच्या लाकडात आणि भिंतीमागे कोण मुक्कामाला आलंय, हे कळतं तेव्हा कोंबड्या संध्याकाळी आत जायला का-कू करू लागलेल्या असतात, तुरे फिके पडलेले असतात आणि अंडी कमी झालेली असतात. मग औषध आणून सगळीकडे फवारलं जातं. आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. याचं कारण साधं आहे: रक्त पिणारी कीड असो की उंदीर, दोघांचंही बस्तान फटीत असतं आणि फवारा तिथवर पोचतच नाही.

सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे लाल माईट. कोळ्याच्या कुळातला हा जीव जेमतेम एक मिलिमीटरचा. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर नसतोच, त्यामुळे भर दुपारी पिसं चाळून पाहणाऱ्याला काही सापडत नाही आणि आपल्याकडे कीड नाही असा त्याचा समज होतो. अंधार पडला की माईट फटीतून निघतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत शिरतो. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याला सात ते दहा दिवस पुरतात. उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरतो, म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवून त्याला उपासमारीने मारायचा बेत फसतो.

तपासायची जागा एकच, कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिची टोकं. दांडी खोबणीतून काढून उलटी करा. लाकडाला राखेच्या चिमटीसारखी करडी भुकटी चिकटलेली दिसली तर ती माईटची कात आणि विष्ठा आहे. बोटाने भुकटी जरा सारली की तिच्याखाली लालसर-काळपट ठिपके पळू लागतात. खात्री करायची असेल तर रात्री, कोंबड्या बसल्यावर तासाभराने, पांढरा कागद दांडीच्या खालच्या अंगाला दाबून फिरवा. कागदावर लाल रेघ उठली तर ते कोंबड्यांचं रक्त आहे.

उपचार सकाळी सुरू करावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत खुराडं वाळतं. गादी, म्हणजे तूस किंवा भुसा, पूर्ण काढून पिशवीत बांधा. ती खुराड्याशेजारी ढीग करून ठेवणं म्हणजे कीड उंबऱ्यावर ठेवणं. दांड्या आणि अंडी घालायच्या पेट्या बाहेर काढून त्यांच्यावर उकळतं पाणी ओता, टोकांवर आणि सांध्यांवर दोनदा. आतल्या लाकडाला एक लिटर पाणी, दोन मोठे चमचे खाद्यतेल आणि एक लहान चमचा भांडी घासायचा पातळ साबण यांचं मिश्रण मारा. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून फवारताना बाटली सतत हलवत राहा. हे विष नाही. तेलाच्या थराने माईट गुदमरतो, म्हणजे जो भिजला तोच मेला. त्यामुळे नुसतं वरवर शिंपडण्यापेक्षा नळीचं तोंड फटीला लावून आतपर्यंत भिजवायला हवं. अंडी मात्र यातून वाचतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. म्हणून हेच सगळं पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीनदा करायचं. दुसरी फेरी चुकवणारे जवळजवळ सगळेच पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

त्यानंतर फटी बुजवा. लाकडी सांध्यांत लांबी (पुट्टी) भरा, भिंतीला चुन्याचा दाट हात द्या आणि तो पूर्ण वाळेपर्यंत कोंबड्यांना आत सोडू नका. दांडी भिंतीच्या खोबणीत अडकवण्यापेक्षा चार पायांच्या सुट्या घोडीवर बसवा. घोडीचे पाय तेल भरलेल्या वाट्यांत ठेवले आणि दांडीचा भिंतीला कुठेही स्पर्श होऊ दिला नाही, की माईटचा वर चढायचा रस्ता तुटतो. आमच्या मते कुठल्याही भुकटीपेक्षा ही घोडी जास्त काम करते.

उवांचं गणित वेगळं आहे. त्या आयुष्यभर कोंबडीच्या अंगावरच राहतात, खाली पडल्या तर आठवडाभरही जगत नाहीत. शेपटीखालची पिसं बाजूला सारा. गवताच्या रंगाचे, दोन-तीन मिलिमीटरचे चपटे किडे उजेडापासून पळताना दिसतील आणि पिसांच्या बुंध्याशी लिखांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले असतील. तिथली पिसं काळपट, चिकट आणि मळल्यासारखी झाली असतील तर तो अंगावरच राहणारा दुसरा माईट असतो. दोन्हींसाठी उपचार कोंबडीवर करायचा. कोंबड्यांसाठी मान्य असलेली परमेथ्रिन या कीटकनाशकाची भुकटी शेपटीखाली, पंखांखाली आणि मानेला चोळा, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा चोळा, कारण पहिल्या खेपेला लिखा मरत नाहीत. परमेथ्रिन मांजरांना आणि माशांना घातक आहे, हे विसरू नका. खुडूक कोंबडी धुळीत लोळायला उठत नाही, म्हणून तिच्या अंगावर उवा सगळ्यात जास्त होतात. तिला आधी तपासा.

धुळीत लोळणं हा कोंबडीचा स्वतःचा उपाय. त्यासाठी निदान 30 सेंटिमीटर खोल, छपराखाली कोरडी राहील अशी पेटी द्या. वाळू, बारीक माती आणि थोडी लाकडाची राख पुरते. डायटोमेशियस अर्थ नावाची भुकटी बरेच जण घालतात. ती ओली झाली की निकामी होते आणि कोरडी उडाली तर कोंबडीच्या आणि माणसाच्या फुप्फुसांना त्रास देते. बंद खुराड्यात ती उधळू नये.

पायांचे खवले वर उचललेले आणि खडबडीत झाले असतील तर खवल्यांखाली माईटने घर केलंय. पाय कोमट साबणपाण्यात भिजवा, मऊ ब्रशने हलकेच घासा, पुसून कोरडे करा आणि व्हॅसलीनचा जाड थर लावा. दर आठवड्याला एकदा, तीन-चार आठवडे. खवले ओढून काढू नका, खालची कातडी रक्तबंबाळ होते. रॉकेल लावू नका, त्याने कातडी भाजते.

औषधाबाबत एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कुत्र्या-मांजरांसाठी असलेलं पिसवांचं औषध कोंबडीच्या मानेवर टाकू नका. त्यातल्या अनेकांत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं आणि ते अंड्यात उतरतं. 2017 मध्ये युरोपात कोंबड्यांच्या फार्मवर माईट मारायच्या औषधात बेकायदा मिसळलेलं फिप्रोनिल अंड्यांत सापडलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. औषध कुठलंही असो, किती दिवस अंडी खायची नाहीत हे पशुवैद्याला विचारूनच वापरा.

जंतांचा उगम ओल्या गादीत आणि तुडवलेल्या अंगणात असतो. गोल जंताचं अंडं विष्ठेतून पडल्यावर उबदार ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगं होतं, त्यामुळे गादी मुठीत दाबली तर गोळा न होता सुटली पाहिजे. पिपराझिन हे जंताचं औषध फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं, पट्टकृमीवर नाही. अंदाजाने औषध पाजत राहण्यापेक्षा विष्ठा तपासून घेतलेली बरी. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर ते जंत समजून थांबू नका. बहुधा तो कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा आजार असतो आणि पिल्लं दोन-चार दिवसांत दगावतात. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.

आता उंदीर. ते दिसण्याआधी वजनकाट्यावर सापडतात. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. सहा कोंबड्यांना 700 ग्रॅम पुरतं. रोज एक किलो संपत असेल आणि खाली फारसं सांडत नसेल, तर उरलेले 300 ग्रॅम कुणीतरी खातंय. मोठा उंदीर दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खातो, म्हणजे दहाएक पाहुणे रोज जेवून जातायत. एखादाच असेल, हा अंदाज इथेच खोटा ठरतो.

लेंड्या पाहून जात ओळखा. बारक्या उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, मोठ्याची 12 ते 20 मिलिमीटर. काळी, मऊ, चकाकती असेल तर ताजी. बारका उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सहा मिलिमीटरच्या फटीतून शिरतो. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. तो ती कुरतडतो. सहा मिलिमीटर भोकांची, जाड तारेची वेल्ड केलेली जाळी वापरा. खुराड्याभोवती ती 30 सेंटिमीटर खोल पुरून पुढे बाहेरच्या बाजूला आणखी 30 सेंटिमीटर आडवी पसरा. उंदीर भिंतीला लागून उकरतो, जाळी लागली की तिथेच पुन्हा उकरतो. मागे सरकून लांबून सुरुवात करायचं त्याला सहसा सुचत नाही. भिंतीतली भोकं फोमने बुजवू नका, तो एका रात्रीत कुरतडून होतो. आधी लोखंडी काथ्या ठासा, वर सिमेंट लावा.

खाद्य पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा. कोंबड्या अंधारात खात नाहीत, त्यामुळे सूर्यास्ताला खाद्यपात्र उचललं तर त्यांचं काही बिघडत नाही. पाणीही उचला, कारण मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं.

विष टाळाच. कोंबडी विषाचे दाणे टिपते, विष खाऊन सुस्तावलेला बारका उंदीरही गिळते, आणि तोच उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटातही जातो. चाप वापरा. तो लाकडी खोक्यात ठेवून खोक्याचं भोक एवढंच ठेवा की कोंबडीची मान आत जाऊ नये. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नवी वस्तू पाहून बिचकतो, म्हणून चार-पाच दिवस चाप न ओढता नुसतं आमिष ठेवा. ते रोज संपू लागलं की एकाच रात्री सगळे चाप ओढा. एकच चाप लावला तर एक उंदीर सापडतो आणि बाकीचे शहाणे होतात.

लेंड्या कोरड्या झाडू नका. धुळीतून साल्मोनेला हा जंतू पसरतो आणि मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग पुसा. उंदरांची घरटी बंद पिशवीत भरून लांब टाका. त्यांच्यातही माईट असतात आणि यजमान गेला की ते दुसरं रक्त शोधायला निघतात. म्हणून शेवटचा उंदीर सापडल्यानंतर आठवडाभर रोज रात्री पांढरा कागद दांडीखालून फिरवत राहा.