खिशाला परवडणारी आणि समुद्रालाही झेपणारी मासळी कशी घ्यायची

मासळी म्हणजे पापलेट-सुरमई हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना, की भाव ऐकला की माणूस एकतर मागे फिरतो नाहीतर तळहाताएवढी छोटी पापलेटं स्वस्तात मिळाली म्हणून पिशवीत टाकतो. हे दुसरं प्लीज करू नका. ती पिल्लं असतात, एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेली. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी कमीत कमी साईझ ठरवून दिली, त्याहून लहान पकडायचाच नाही. पण आपण घेत राहिलो तर तो टोपलीत येतच राहणार.

मग घ्यायचं काय? मांदेली, बांगडा, तारली. मांदेली लहान असते पण ते पिल्लू नाही, तिची वाढच तेवढी, हा फरक आधी नीट समजून घ्या.

मांदेली स्वस्त का, तर साफ करायचा कंटाळा. अर्धा किलोला मला वीसेक मिनिटं लागतात. खवलं खरवडायची, डोकं मोडून खाली ओढायचं की पोटातली घाण त्याच्यासोबत निघून येते, मग हळद, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस), आलं-लसूण, तिखट लावून रव्यात घोळवून मंद आचेवर कडक होईपर्यंत तळायची, काट्यासकट खाता येते. वेळ नसेल तर मासे विकणाऱ्या मावशींना साफ करून द्यायला सांगा पण त्याचे वेगळे पैसे द्या. आणि वाट्यामागे दहा रुपयांसाठी घासाघीस नको हो, पहाटे बंदरावर लिलावात उभं राहून, बर्फाचे आणि टेम्पोचे पैसे भरून ती बाई तिथे बसलेली असते. संध्याकाळी भाव उतरतो तेव्हा जा, फक्त कल्ले उघडून बघा, लाल हवेत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ताजी सुरमई शोधत फिरू नका. एप्रिल-मेमध्येच सुकट, जवळा, सुके बोंबील घेऊन ठेवा, घरी आणल्यावर अजून दोन दिवस कडक उन्हात घाला आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, गरम भरले तर वाफ धरते आणि पावसात बुरशी येते.