सेवेतलं मुख्य काम मागं पडू नये म्हणून काय करायचं

डिसेंबर आला की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, जो तो बिझी. मंडपवाला, साउंडवाला, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा घ्यायचा, शब्बाथशाळेच्या (रविवारच्या बायबलवर्गाच्या) पोरांचे ड्रेस, आणि या सगळ्यात अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजीकडं जायचं राहून जातं ते कोणाच्या लक्षात पण येत नाही. नाताळ करू नका असं नाही म्हणत मी, पण वर्षभर असंच चाललं तर सेवा म्हणजे नुसतं इव्हेंट मॅनेजमेंट होतं.

पहिलं काम, साधी वही घ्या आणि एक आठवडा वेळ कुठं गेला ते लिहा. खाने चारच: वचन (म्हणजे बायबल)-प्रार्थना, माणसांच्या भेटी, मीटिंगा, बाकी सगळं. मंडळीच्या ग्रुपवर आमेन आमेन टाकत बसलेला वेळ 'बाकी सगळं' मध्येच जातो, प्लीज.

मग आपलं काम एका ओळीत लिहा. 'देवाच्या गौरवासाठी झटणं' असलं मोघम चालणार नाही. 'आठवी ते दहावीच्या पोरांना दर रविवारी वचन शिकवणं आणि त्यांच्या घरी जाऊन येणं', असं लिहिलं की झालं का नाही ते कळतं तरी.

आता बाकीचं सोपवायचं, आणि इथंच आपल्याकडं घोडं अडतं. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, सहावा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तर प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ती उडवून लावली नाही आणि स्वतः वाढायला पण बसले नाहीत, मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. सातही नावं ग्रीक आहेत बघा, म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक. आपण काय करतो, तक्रार करणाऱ्याला गप्प बसवतो, तेच त्याला जबाबदारी दिली तर निम्मं भांडण तिथंच मिटेल. पण द्यायची तर पूर्ण द्या. खजिनदार नेमला आणि चहाच्या बिलाला पण तुमची सही लागत असेल तर तुम्ही काहीच सोपवलेलं नाही.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये गावच्या आरोग्याचं काम सुरू केलं तेव्हा गावकऱ्यांनी आधी गरज सांगितली ती अन्नपाण्याची, दवाखान्याची नाही, आणि ते त्यांनी ऐकलं. पुढं खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, शिकवून गावचं आरोग्य त्यांच्याच हातात दिलं. दोन डॉक्टर सगळीकडं स्वतः पळत बसले असते तर किती गावं झाली असती?

नाही म्हणायला पण शिका. बायबलमधला नहेम्या यरुशलेमचा कोट बांधत होता, तेव्हा त्याला सनबल्लट आणि गेशेम या विरोधकांनी ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावलं, त्यानं चारही वेळा एकच उत्तर दिलं, मोठं काम चाललंय, येता येत नाही. आपण पण असंच थोडक्यात सांगावं, 'पाळकसाहेब, या महिन्यात घरभेटी ठरल्यात, मला जमणार नाही, तरुण संघातल्या कोणाला तरी सांगता का?' लांबलचक कारणं देत बसलात की समोरचा त्यातूनच वाट काढतो, हमखास.

पण याचा अर्थ दारात आलेल्याला परत पाठवा असा नाही हं. याईर नावाच्या माणसाच्या आजारी मुलीसाठी त्याच्या घरी निघालेला येशू वाटेत बारा वर्षं आजारी असलेल्या बाईसाठी थांबलाच की, आणि ती मुलगी तर मरणाच्या दारात होती. म्हणून रात्री अकराला फोन आला तर एवढंच बघा, माणूस अडलाय का कार्यक्रम. हॉस्पिटलमधून असेल तर चप्पल घाला आणि निघा, माइकचं असेल तर सकाळी बघू म्हणा.

महिन्याच्या शेवटी वही घरच्यांना वाचायला द्या. 'भेटी' च्या खान्यात तुम्ही काय काय घुसडलंय ते त्यांना बरोबर कळतं.