किल्ला, राजवाडा आणि दोघं: ठाण्याहून निघण्याआधी या चुका टाळा

ठाण्याचा स्वतःचा किल्ला जोडीने बघायला जाता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले. आत जाण्यापेक्षा बाहेर पडण्यासाठी गाजलेली ही जागा. त्यामुळे ठाणेकर आणि नवी मुंबईकर जोडप्यांना जुन्या भिंतींच्या सावलीत एक दिवस काढायचा असेल, तर वसई, अलिबाग, मुरूड किंवा जव्हार गाठावं लागतं. यातलं काहीच फार लांब नाही. तरी निम्मी जोडपी परतीच्या वाटेवर एकमेकांशी बोलत नसतात, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा घर सोडण्याआधीच घडलेली असतात.

फोटो बघून जागा ठरवणं

मोबाइलवर दिसतात ते राजस्थानातले झगमगते महाल, नाहीतर परदेशातले हिरवळीवरचे किल्ले. मनात तेच घेऊन माणूस वसईला उतरतो आणि विचारतो, "राजवाडा कुठाय?" राजवाडा नाहीच. वसईचा किल्ला म्हणजे पोर्तुगिजांचं तटबंदीच्या आतलं अख्खं शहर होतं. आज त्यातली चर्च, मठ आणि घरं छपराविना उभी आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला म्हणजे आरमाराचा तळ. मुरूडचा जंजिरा तर शत्रूला आत येऊच द्यायचा नाही, याच हिशोबाने बांधलेला. राहत्या राजघराण्याचा डौल बघायचा असेल तर जव्हारला जा. खडतर चढाई नको असेल तर माहुलीचं नाव काढू नका, फोटो कितीही सुंदर असोत. आसनगावहून माहुली चढणं म्हणजे पूर्ण दिवसाचा घाम आहे, आणि "थोडंसंच चालायचंय" असं जोडीदाराला सांगून तिथे नेणं ही सरळ फसवणूक आहे.

भरती-ओहोटी न बघता कुलाबा किल्ला

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते या चुकीने. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ओहोटी किती वाजता, हे मात्र अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून, शहाळं पिता पिता विचारलं जातं. तोवर पाणी चढायला लागलेलं असतं.

किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब सोपा आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे साधारण पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तास मागे गेलं की सकाळी पावणेदहाच्या आसपास ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, फोन काढायचीही गरज नाही. अर्थात हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. जायचं पक्कं झालं की त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघाच.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती उतरणार हेही कळायला हवं. अष्टमीला हिशोब छान दिसतो: सहाला भरती, बाराला ओहोटी, जेवणाआधी किल्ला बघून मोकळे. गोम अशी, की अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत नाही, तसं फारसं उतरतही नाही. मग वाटेत गुडघाभर पाणी राहिलं की चालत जायचा बेत घोडागाडीवर येतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी दूरवर हटतं, पण ओहोटी येते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ठाण्याहून त्याच दिवशी निघणाऱ्यांना सकाळची गाठता येत नाही, आणि संध्याकाळी किल्ला बघायला उजेड पुरत नाही.

म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरची द्वितीया ते चतुर्थी मला सर्वांत सोयीची वाटते. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करा. पाणी उतरत असतानाच चालायला लागा, म्हणजे आत वेळ मिळतो. आंग्र्यांच्या काळातलं, १७५९ मध्ये रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेश पंचायतन घाईत बघण्यासारखं नाही. समुद्राच्या मधोमध असून आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, तिच्या पायऱ्यांवर बसायला मिळालं तर सकाळ सार्थकी लागते. फक्त पाणी वळायच्या आत बाहेर पडा. "अजून पाच मिनिटं" म्हणणाऱ्याला हात धरून आणा.

वेळ चुकलीच तर किनाऱ्यावर बसून एकमेकांना दोष देऊ नका. अलिबाग गावातच कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, हे दिसल्यावर १९०४ मध्ये ती इथे आली. हिराकोट किल्ला मात्र बाहेरूनच बघा, तिथेही तुरुंग आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांचं हे नशीबच दिसतं.

राजवाडा आपल्यासाठी उघडाच असेल असं धरून चालणं

मुरूडला समुद्राकाठच्या उंचवट्यावर नवाबाचा राजवाडा दिसतो आणि गाडी आपोआप तिकडे वळते. तो खासगी आहे. रस्त्यावरून बघायचा आणि पुढे जायचं. फाटकाशी रखवालदाराला गळ घालून त्याची आणि आपली पंचाईत करायची नाही. त्यापेक्षा राजपुरीजवळच्या खोकरीला जा. सिद्दींच्या दगडी कबरी तिथे आहेत, कोरीवकाम जवळून न्याहाळता येतं आणि गर्दी जवळपास नसते. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात हे लक्षात ठेवा. हंगामातही नावाडी किल्ल्यात थांबायला ठरावीकच वेळ देतात. होडीत चढण्याआधीच विचारून घ्या, म्हणजे कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढत असताना खालून हाका ऐकू येणार नाहीत.

जव्हारचा जयविलास राजवाडा मुकणे राजघराण्याचा, म्हणजे तोही खासगी मालमत्ता. कधी चित्रीकरण असतं, कधी दुसरं काही. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करून निघा. दार बंद मिळालं तरी जव्हारला जाणं फुकट जात नाही. हनुमान पॉइंटवरून दरी बघा, मग शिरपामाळला जा. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं आणि त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, असं तिथली माणसं सांगतात. भिवंडी-वाडा रस्त्याची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पाठदुखी असलेल्याने निघण्याआधी विचार करावा.

वसई: थडग्यावर डबा उघडणं

ठाणेकर इथे पहिली चूक रेल्वेत करतात. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच असतात; लोकलसारखी पाच-दहा मिनिटांनी येईल म्हणून फलाटावर उभं राहू नका. वेळ बघून निघा, नाहीतर सरळ दादरहून पश्चिम रेल्वे धरा.

किल्ल्याचा पसारा मोठा आहे आणि झाडी दाट. ऊन तापायच्या आत पोहोचा. मोडक्या चर्चमध्ये शिरलात की जमिनीकडे बघा. पायाखालच्या कित्येक फरशा म्हणजे थडग्यांचे दगड आहेत. पोर्तुगीज अक्षरं झिजली आहेत, पण कुठे घराण्याचं चिन्ह, कुठे साल अजून बोटाने लागतं. त्यांच्यावरच चादर अंथरून वेफर्स खाणारी जोडपी दिसतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. बाहेर झाडाखाली बसायला भरपूर जागा आहे. आवारातल्या देवळांपाशी आणि गोन्सालो गार्सिया यांच्या चर्चपाशीही हेच. वसईत जन्मलेल्या या माणसाला १५९७ मध्ये नागासाकीत मारलं गेलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. लोकांची इथे श्रद्धा आहे.

एकांत हवा म्हणून अगदी आतल्या, रिकाम्या कोपऱ्यात जाणं टाळा. तिथे साप असतात आणि नको ती माणसंही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये महिनोन्महिने झुंजून घेतलेला हा किल्ला आहे, त्याच्या मुख्य वाटांवरही बोलायला विषय कमी पडत नाही. इथून नेलेल्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहेत, तिथून सुरुवात करा. स्वच्छतागृहाची सोय किल्ल्यात होईल असं धरून चालू नका. स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने उरकून घ्या. हे आधी न सांगितल्याने किती सहली तासाभरात गुंडाळल्या जातात, ते बायकांना विचारा.

अत्तर, चपला आणि कर्नाळा

पनवेलकरांना जवळचा किल्ला कर्नाळा. त्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. दोघांनी ठेवणीतला सेंट मारून, वर एकाने सिगारेट पेटवली, तर पुढचा प्रसंग सांगायला नको. मधमाश्यांना उग्र वास आणि धूर दोन्ही खपत नाही. सेंट घरी ठेवा, आरडाओरडा करू नका, आणि माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून खाली उतरा. सपाट तळाच्या चपला आणि लांब घेराचे कपडे पायथ्याच्या अभयारण्यापर्यंत ठीक आहेत, वरच्या दगडांवर नाहीत.

शूट आणि बदाम

लग्नाआधीचं शूट करायचं असेल तर किल्ला कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. वसई, कुलाबा, जंजिरा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, घोडबंदर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. मोबाइलवर चार फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, दिवे, भाड्याचा गाऊन, ड्रोन घेऊन उतरणं वेगळं. दुसऱ्याला परवानगी लागते, आणि ती फोटोग्राफरने काढलीय का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी मागा. "आम्ही नेहमी करतो" हे उत्तर नव्हे.

भिंतीवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांसाठी कायदाच पुरेसा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चुन्याच्या त्या भिंतीवर आधीच इतकी नावं आहेत की तुमचं कुणाला दिसणारही नाही.

मुक्काम आणि परतणं

जवळच्या लॉजवर ठाण्याचा किंवा नवी मुंबईचा पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवलं की खोली नाकारण्याचे प्रकार घडतात. लग्न झालेलं असो वा नसो, बुकिंग करताना फोनवर स्पष्ट विचारा आणि दोघांची ओळखपत्रं जवळ ठेवा. रात्री दहाला काउंटरवर वाद घालण्यापेक्षा दुपारचा एक फोन बरा.

रविवारी संध्याकाळी अलिबागहून निघालात तर वडखळला अडकणार आणि वसईहून निघालात तर घोडबंदर रोडवर गायमुखाच्या आसपास. दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर जेवून, गर्दी ओसरल्यावर रात्री. किंवा मग सरळ बुधवारी रजा टाका. वसईत त्या दिवशी फोटोवाल्यांची गर्दी कमी असते आणि ठाण्याला तासा-दीड तासात पोहोचता येतं.