बैठकीत वाघ लावायचा की सारस?

अर्जुनी मोरगावकडे माझं फोटो फ्रेमचं छोटं दुकान आहे. देवाचे, लग्नातले आणि हार घालायचे फोटो, यांवरच ते चालतं. अलीकडे मात्र पोरं नवेगाव-नागझिऱ्याची सफारी करून येतात आणि मोबाइल पुढे धरतात. "काकाजी, हा मोठा करून द्या, बैठकीत लावाचा आहे." फोटो बहुतेक वेळा वाघाचा.

मी विचारतो, भिंत कोणती? तिथं बसतं कोण?

गेल्या वर्षी एकानं वाघाचा सरळ कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा चेहरा करून नेला. फोटो उत्तमच होता. लावला नेमका म्हातारीच्या खाटेसमोर. आठ दिवसांत तो परत आला. "माय म्हणते, रात्री उठलं की त्याचेच डोये दिसते." मग त्याच्याच भाच्यानं काढलेला सारसाच्या जोडीचा फोटो निवडला. धानाच्या बांधीत गुडघाभर पाणी, मागे धूसर सकाळ. महाराष्ट्रात सारस म्हटला की आमचा गोंदिया जिल्हाच, त्यामुळे म्हातारीला ते पाखरू ओळखीचं. आता आल्यागेल्याला ती तोच दाखवते.

तेव्हा रोज डोळ्यांसमोर राहणार असेल तर थोडा शांत, मोकळी जागा असलेला फोटो घ्या. पक्षी ज्या बाजूला पाहतो आहे, त्या बाजूला जागा जास्त हवी, नाही तर तो चौकटीला चोच आपटेल असं वाटतं. पळसाचा लालभडक फोटो फेब्रुवारीत फार आवडतो, पण पश्चिमेच्या खोलीत लावला तर मे महिन्यात पारा 45 च्या वर गेल्यावर त्याच्याकडे पाहवत नाही. तिथं इटियाडोह धरणाचं पाणी लावा, नाही तर पावसातलं सागाचं रान. आणि घरट्याशी जाऊन, पिल्लं बिचकवून काढलेला फोटो मी फ्रेम करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आकार ठरवायला पैसे लागत नाहीत. वर्तमानपत्राचं पान घ्या. 12×18 इंची फोटो त्याहून जरासा लहान असतो. पान भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस येता-जाता पाहा. दिवाण सहा फुटांचा असेल तर वरची रचना चार फुटांच्या आसपास शोभते. एकच मोठा फोटो घ्या, नाही तर एकाच तळ्याचे तीन. उभ्यानं पाहायचं तर फोटोचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर ठेवतात. आपल्याकडे माणसं खाली नाही तर दिवाणावर बसतात, म्हणून मी पाच-सहा इंच खालीच लावतो. आजोबांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी हरणांचा कळप लावू नका. दोन्ही बिचारे दिसतात.

त्याच जागी आरसा धरून बसायच्या ठिकाणाहून पाहा. आरशात दार किंवा ट्यूबलाइट दिसली, तर काचेतही तीच दिसणार आणि सारस राहील बाजूला. मग जागा बदला, नाही तर मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर प्रिंट काढा आणि तो बिनकाचेचा लावा.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते फाइलवरून. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबून येतो, म्हणून तो डॉक्युमेंट करून पाठवा. 12×18 साठी एका इंचाला 300 ठिपके धरले तर 3600×5400 पिक्सेल लागतात. चार-पाच फुटांवरून पाहायचा असेल तर निम्म्यातही, म्हणजे 1800×2700 मध्ये भागतं. मोबाइलवर झूम करून लांबून टिपलेल्या फोटोत मात्र आकडा भरला तरी अंगावरचे केस चिखलासारखे दिसतात. प्राण्याच्या डोळ्यातली चमक मोठी करून पाहा. ती विस्कटली असेल तर तो फोटो 5×7 मध्येच बरा. आणखी एक, मोबाइलचा नव्हे, मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक वेळा लांबी-रुंदीला 3:2 असतो, तो 12×18 मध्ये पूर्ण बसतो. तोच 8×10 मध्ये घातला की शेपूट तरी जाते नाही तर पाय तरी. सारसाचे पाय गेले तर उरलं काय?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. घरचा पहिला फोटो मी चकचकीत कागदावर काढला, काचेला चिकटून बसवला आणि कूलरच्या तोंडासमोर टांगला. श्रावणापर्यंत प्रिंट काचेला असा चिकटला की काढताना नवेगाव बांधचं अर्धं तळं काचेवरच राहिलं. म्हणून फोटोच्या चारी बाजूंनी माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, दोन इंचांची पट्टी मागा. ती असली की काच आणि कागद यांच्यात हवा राहते. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि थेट उन्हातही लावू नका, कारण उन्हानं आधी रंगच उडतात. मातीच्या घरात लाकडी पट्टी घेतली तर उधई लागते, तिथं फायबरची चालेल.

टांगताना नुसता खिळा विटांच्या सांध्यात ठोकू नका. ड्रिलनं भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसवा आणि तिच्यात स्क्रू पिळा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. पाल येऊन बसायची ती बसतेच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.