‘फोटो सौजन्य : गुगल’ : नव्या फोटोग्राफरसाठी थोडा कायदा, थोडी वसुली

पाऊस ओसरायला लागला की कासच्या पठारावर फुलं येतात आणि माझ्या फोनवर मित्रांचे स्क्रीनशॉट. ‘हा तुझाच ना रे?’ एखाद्या टूरवाल्याची जाहिरात, एखाद्या पोर्टलवरची ‘चला कासला’ छापाची बातमी, आणि फोटोखाली बारीक अक्षरात ‘फोटो सौजन्य : गुगल’. गुगलने कासला येऊन, चिखलात पोटावर पडून ‘सीतेची आसवं’ या इवल्या फुलांचा फोटो काढल्याचं अजून तरी माझ्या ऐकिवात नाही.

मी साताऱ्याकडचा. पोटापाण्यासाठी लग्नांचे फोटो काढतो, हौस म्हणून डोंगर आणि फुलांचे. या धंद्यात नव्याने आलेली मुलं विचारतात, ‘दादा, माझा फोटो ढापलाय, पण मी कॉपीराइट रजिस्टर केलेला नाही, मग काय उपयोग?’ उपयोग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे आणि फोटो काढणारी व्यक्ती हा तिचा निर्माता. शटर दाबलं, फाइल तयार झाली, हक्क जन्माला आला. नोंदणी ऐच्छिक आहे. तिची फी कलाकृतीला ५०० रुपये असते, आणि वाद कोर्टात गेला तर तो दाखला प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामाला येतो. कॅलेंडरवाले, प्रकाशक ज्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करतात असे मोजके फोटो असतील तर नोंदवा. हजारो फाइली नोंदवत बसलात तर फोटो कधी काढणार? मुदतीचंही एका ओळीत सांगतो : २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही लेखक-चित्रकारांसारखंच संरक्षण आहे, म्हणजे तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक जण आपटतात ती. कलम १७. तुम्ही पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे लग्न, मुंज, प्री-वेडिंग, हॉटेलच्या मेन्यूचे फोटो, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटचे फोटो, सगळं यात आलं. तुम्ही काढलेला नवरीचा फोटो एखाद्या मेकअपवालीने स्वतःच्या जाहिरातीत लावला आणि तुम्ही तावातावाने वकिलाकडे गेलात, तर तो पहिला प्रश्न विचारेल, ‘करार कुठाय?’ करार नसेल तर मालक म्हणून दावा लावायचा अधिकार तुमचा नाही. तुमच्याकडे उरतं ते कलम ५७ : निर्माता म्हणून नाव लावून घेण्याचा, आणि फोटोची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लावला तर हरकत घेण्याचा हक्क. हे हक्क मालकी गेली तरी निर्मात्याकडेच राहतात. पण त्यावर वसुली होणं अवघड.

त्यामुळे माझ्या कोटेशनच्या खाली, ॲडव्हान्सच्या ओळीच्या लगेच नंतर, हा मजकूर असतो. उचला, हवा तसा बदला : ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकाला घरगुती वापर, छपाई आणि स्वतःच्या समाजमाध्यमांवर टाकणे यासाठी कायमची परवानगी राहील. अन्य कोणासही व्यावसायिक वापरासाठी देण्यापूर्वी छायाचित्रकाराची लेखी संमती घ्यावी.’ त्याखाली सही घ्या. मुलीच्या वडिलांना हे वाचून दाखवताना आधी थोडं अवघडल्यासारखं होतं. ‘म्हणजे आमचे फोटो आमचे नाहीत?’ असा प्रश्न येतोच. तेव्हा सांगायचं की तुमचे फोटो तुम्ही हवे तिथे लावा, पण शोरूमवाल्याने मोठ्या बोर्डावर लावायचे ठरवले तर मला एक फोन. आणि हेच दुसऱ्या बाजूनेही पाळायचं. कॉपीराइट तुमच्याकडे असला तरी नवरीला न विचारता तिचा चेहरा तुमच्या जाहिरातीत वापरू नका. तिचं खासगीपण हा वेगळा हक्क आहे.

वर्तमानपत्रात पगारावर असाल तर अंकात छापण्यापुरती मालकी वर्तमानपत्राची आणि बाकीची तुमची, असं हेच कलम म्हणतं. मात्र नेमणूकपत्रात बहुतेक ठिकाणी बाकीचंही लिहून घेतलेलं असतं. सही करण्याआधी ते पान वाचा. फोटोमागे मानधन घेणाऱ्याने तर प्रत्येक फोटोबरोबर दोन ओळींचा मेल पाठवावा : कशासाठी, किती काळ, कितीदा. ‘दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी, एकदाच’ एवढं लिहिलं तरी पुरे. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. हे कलम १९. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ ही ओळ दिसली की रक्कम दुप्पट-तिप्पट सांगायची किंवा ओळ खोडायची. लाजायचं कारण नाही, समोरच्याने ती विचार करूनच घातलेली असते.

पुराव्याचं सांगतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, कुणालाही देऊ नका आणि तिच्या आगेमागेच्या फ्रेमही उडवू नका. एकाच फुलाच्या दहा फ्रेम, त्यातली चौथी चोरीला गेली, तर उरलेल्या नऊ ज्याच्याकडे आहेत तोच फोटोवाला, यावर वाद घालायला कुणी उभं राहत नाही. कॅमेऱ्यात आणि लाइटरूममध्ये (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) नाव, कॉपीराइट, ईमेल भरून ठेवा, निर्यात करताना ती माहिती फाइलबरोबर जाईल असं बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, म्हणून क्लायंटला लिंक द्या. वॉटरमार्कबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. फोटोच्या छातीवर आडवा-तिडवा वॉटरमार्क मारून तो कुरूप करण्यात अर्थ नाही, कोपऱ्यात लहानसं नाव पुरे. लोक ते कापतात, हे खरं. पण हक्कांची अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ बी खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय नाव कापणाऱ्याला ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही. (वकिलाशी बोलताना नुसतं ‘६५ बी’ म्हणू नका. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ बी, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचं, त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि पुढची पाच मिनिटं दोघं वेगवेगळ्या विषयावर बोलत राहता.)

चोरी शोधायला गुगल लेन्स आणि टिनआय, फोटो देऊन तोच फोटो नेटवर कुठे आहे ते शोधणारी साधनं. फोटो आरशासारखा उलटा करून वापरायची चलाखी चालते, म्हणून स्वतः उलटी प्रत करूनही शोधून बघा. सापडल्यावर हात शिवशिवतात, पण आधी पुरावा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, वरचा पत्ता आणि तारीख दिसेल असा. आजूबाजूला त्यांच्या पॅकेजचे दर असतील तर तेही आले पाहिजेत, कारण फोटो धंद्यासाठी वापरला हे तिथेच दिसतं. तेच पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या तारखेसह प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून ठेवा. कोर्टापर्यंत गेलं तर या स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, तीही द्यावी लागते, तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, नाव बदलू नका, क्रॉप करू नका.

त्यानंतर शिव्या नाही, बिल. हे मी फार आग्रहाने सांगतो. कमेंटमध्ये ‘चोर’ म्हणालात की समोरचा पोस्ट उडवतो, तुम्हाला ब्लॉक करतो, आणि उलट बदनामीची भाषा सुरू करतो. एका पर्यटन कंपनीने कासच्या सहलीच्या पानावर माझा फोटो लावला होता. मी त्यांना साधा मेल केला : तुमच्या अमुक पानावर माझं छायाचित्र परवानगीशिवाय वापरलेलं आहे, मूळ फाइल माझ्याकडे आहे, आजपर्यंतच्या वापराच्या शुल्काचं बिल सोबत जोडलं आहे, पंधरा दिवसांत भरावं. त्यांची उत्तरं ठरलेल्या क्रमाने आली. आधी, ‘नेटवर होता, आम्हाला वाटलं फ्री आहे.’ मग, ‘लगेच काढून टाकतो.’ मग, ‘क्रेडिट देतो ना सर, तुमचीच पब्लिसिटी होईल.’ तिन्हींना मी एकच उत्तर दिलं : फोटो काढून टाकलात ते बरं केलंत, बिल झालेल्या वापराचं आहे. शेवटी नोटिशीचा मसुदा जोडला तेव्हा पैसे आले, थोडी घासाघीस होऊन. दर काय लावायचा? तुम्ही त्याच वापरासाठी परवानगी दिली असती तर जो घेतला असता तो, वर थोडा. लाखाचं बिल लावलंत तर समोरचा वकील गाठतो आणि तुमचा धंदा सुटतो.

सगळ्यांना बिल लावू नका. शाळेतल्या पोराने गडाचा फोटो स्टेटसला ठेवला तर ठेवू दे. गावातल्या भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मागे तुमचा अजिंक्यतारा आणि पुढे शुभेच्छुकांची जत्रा दिसली, तर भाऊंना गाठण्याऐवजी फ्लेक्स छापणाऱ्याला गाठा. नेटवरून फोटो उतरवून घेणारा तोच असतो. मी त्याला कार्ड दिलं, दर सांगितला, आता तो विचारून घेतो. पैसे फारसे नाहीत, पण विचारतो.

फोटो ढापणाऱ्या फॅन पेजवाल्यांसाठी प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे. हे फॉर्म डीएमसीए या अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून आलेले. तुमच्या तक्रारीला समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही दावा लावला नाहीत, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येऊ शकतो, तेव्हा खोटी तक्रार करू नका आणि खरी अर्धवट करू नका. आपल्या कायद्यातही लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ माध्यमाने ३६ तासांत प्रवेश बंद करायचा असतो. २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करायला ते मोकळे.

‘इन्स्टावर टाकलास म्हणजे सगळ्यांचा झाला’ हे वाक्य ऐकलं की मी दानियल मोरेल या हैतीच्या छायाचित्रकाराची गोष्ट सांगतो. १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये भूकंप झाला, मोरेल रस्त्यावर होता, त्याने फोटो काढले आणि ट्विटरवरून टाकले. भलत्याच माणसाने ते स्वतःचे म्हणून पुढे टाकले, एएफपी या वृत्तसंस्थेने ते तिथून उचलले आणि गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर गेले. मोरेलने हरकत घेतली तर एएफपीनेच आधी कोर्ट गाठलं. त्यांचं म्हणणं, ट्विटरच्या अटींनुसार हे वापरायला मोकळे आहेत. २०१३ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी ते फेटाळलं : अटींमध्ये ट्विटरला परवाना मिळतो, ट्विटरवरून उचलणाऱ्या वृत्तसंस्थेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्युरीने आठ फोटोंसाठी १२ लाख डॉलर दिले. हा आकडा ऐकून हुरळू नका. तो अमेरिकेच्या कायद्यात ठरवून दिलेल्या भरपाईतून आला. आपल्याकडे अशी ठरलेली रक्कम नाही, नुकसान किंवा समोरच्याचा नफा दाखवावा लागतो. म्हणूनच तुमची जुनी बिलं जपून ठेवा. हाच फोटो पूर्वी कितीला दिला, याहून चांगला पुरावा नाही.

कोर्टाचा एक फायदा मात्र छोट्या गावातल्यांना माहीत नसतो. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, दिल्ली-बंगळूरच्या कंपनीसाठी तिकडे जावं लागत नाही. मुदत तीन वर्षांची. दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाणिज्य न्यायालयाचा विषय, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. फौजदारी वाटही आहे : कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी मी पोलीस ठाण्याचा रस्ता शेवटचाच सांगेन. तिथे तुमच्या हातात काही राहत नाही, आणि बिल भरायला तयार होऊ शकणारा माणूस एकदा आरोपी झाला की तो बिल भरत नाही.

आपली बाजू कुठे लंगडी पडते तेही बघा. चालू घडामोडींच्या बातमीसाठी वाजवी वापराला कलम ५२ सूट देतं. दरड कोसळल्याच्या बातमीत तुमचा त्याच दरडीचा फोटो आला तर माध्यमवाले या सुटीचा आधार घेतील आणि वाद होईल. पण ‘पावसाळ्यात भेट द्यावी अशी दहा ठिकाणं’ ही घडामोड नव्हे. आणि जागा कुणाची नसते. दिवे घाटाच्या वळणावर माउलींची पालखी चढताना दरवर्षी शेकडो कॅमेरे एकाच कोनात लागलेले असतात. शेजारच्याची फ्रेम तुमच्यासारखी आली म्हणून ती चोरी नाही. तुमचा हक्क तुमच्या फ्रेमवर आहे, वळणावर नाही.

विकिमीडिया कॉमन्सवर फोटो टाकणाऱ्यांसाठी एक अजून. मीही काही फुलांचे टाकले आहेत, विकिपीडियावर आपल्याकडच्या वनस्पतींचे बरे फोटो असावेत म्हणून. तिथला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. नाव देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून कुणीही तो फोटो धंद्यासाठीसुद्धा वापरू शकतं, तिथे बिल पाठवायचं नसतं. तेव्हा टाकायचा तो फोटो आधी वेगळा काढा, आणि कॅलेंडरवाल्याला द्यायचा असेल तो त्या फोल्डरमध्ये ठेवूच नका.