तंबूत पहाटे पाणी आणि मुंग्या: माझा अनुभव

पुण्याहून पवना धरणाच्या काठी डिसेंबरात दोन मुक्काम केले. दोन्ही वेळा पहाटे ४ ला कपाळावर थेंब पडून जाग आली. पाऊस नव्हताच. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं आणि भाकरवडीच्या पुडीपर्यंत मुंग्यांची रांग.

आधी तंबू गळतोय समजून शिवणींना सीलर (पाणी अडवणारा लेप) लावला. उपयोग शून्य. मग सगळ्या चेन गच्च लावल्या, तर पाणी आणखी वाढलं. मुंग्यांसाठी हळद टाकली, दवाने तिचा लगदा झाला. वैतागून तंबू विकायलाच काढला होता.

मग कळलं, पाणी बहुतेक आपल्याच श्वासातलं असतं. गार कापडावर त्याचे थेंब होतात. म्हणून पुढच्या मुक्कामाला, राजमाची किल्ल्यापाशी, असं केलं:

पाण्यापासून लांब, जरा उंचावर, झाडाखाली जागा घेतली. खोलगटात गार हवा साचते. निवडलेल्या जागेवरचे दगड काठीने उलटवले (एकाखाली विंचू होता!). मग तंबूवरचं पावसाचं कव्हर इतकं ताणलं की आतल्या तंबूला कुठेच टेकणार नाही, मध्ये तळहात सरकेल एवढी फट. आतल्या जाळीची चेन पूर्ण बंद. कव्हरचं दार मात्र वरून वीतभर उघडं, दारासमोरच्या बाजूची खिडकीही उघडी. ओले मोजे आणि बूट पिशवीत बांधून बाहेर. खाणं डब्यात, डबा दोरीने फांदीला आणि दोरीवर बोटभर व्हॅसलिन.

सकाळी कव्हर आतून दमट, पण बॅग कोरडी. मुंग्या व्हॅसलिनपाशी येऊन परत फिरत होत्या. बूट तरी झटकूनच घातले.