इलेक्ट्रिकल अप्रेंटिस म्हणून रुजू होताय? या चुका टाळा

पुण्यात औंधच्या आयटीआयमधून किंवा एखाद्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली पोरं भोसरी, चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत अप्रेंटिस म्हणून लागतात आणि सुरुवातीला जवळपास त्याच त्या चुका करतात. थिअरी कच्ची असते असं नाही, स्टार-डेल्टाची (मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात चालवायची जोडणी) आकृती झोपेतही काढतील. पण पॅनलचं दार उघडलं की वहीतलं आणि समोरचं जुळत नाही, आणि विचारायची लाज वाटते.

"सप्लाय बंद आहे" हे नुसतं ऐकून हात घालणे

सगळ्यात महागात पडते ती हीच. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मेन्टेनन्सची मोठी कामं त्याच दिवशी निघतात. एकाच वेळी तीन-चार पॅनल उघडी असतात. लांबून कुणीतरी ओरडतं, "केलं रे बंद!" काय बंद केलं? तुमचं फीडर, म्हणजे तुमच्या पॅनलला येणारी लाइन, की शेजारचं? शिवाय मेन पाडला तरी इंटरलॉकच्या (एक मशीन दुसऱ्याशी बांधणाऱ्या कंट्रोलच्या) वायरी दुसऱ्या पॅनलमधून जिवंत येत असतात. हे ड्रॉइंग बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ड्रॉइंग बघायचा कंटाळा सगळ्यांनाच.

मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघा. मग कामाच्या टर्मिनलवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ असं मोजा. आणि परत त्या चालू सॉकेटवर. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पण मधेच लीड तुटली असेल तर मीटर शून्यच दाखवणार. खिशातल्या टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका. तो पेटला नाही, एवढ्यावरून सप्लाय नाही असं ठरत नाही. बंद केलेल्या स्विचला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

एपीएफसी पॅनलची, म्हणजे कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनलची, गोष्ट वेगळी. सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. डिस्चार्ज रेझिस्टर असतात, पण ते उडालेले असू शकतात. थोडा वेळ थांबा आणि मीटर डीसीवर घेऊन मोजा; एसीवर ठेवलात तर काहीच दिसणार नाही.

मीटर चुकीचा लावणे

करंट मोजून झाल्यावर लीड 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये तशीच राहते आणि पोरगं 415 व्होल्ट मोजायला जातं. हा सरळ शॉर्ट आहे. क्लॅम्प मीटरमध्ये केबलच्या तिन्ही कोर एकत्र धरल्या तर बेरीज जवळपास शून्य येते. मग "काका, मोटर करंटच घेत नाही" म्हणून धावत येतात. एकेक फेज वेगळा धरायचा.

मोटर ट्रिप होते म्हणून ओव्हरलोड वाढवणे

प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा असतो, स्क्रू ड्रायव्हर हातातच असतो. ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) डायल थोडा फिरवला की मशीन चालू, सगळे खूश. आठवड्याने मोटर जळते.

सेटिंग करण्याआधी रिले कुठे बसवलाय ते बघा. 11 किलोवॅटची, 415 व्होल्टची मोटर पूर्ण लोडवर साधारण 21 अँपिअर घेते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) खाली असतो. तिथून डेल्टात वाइंडिंगचा करंट जातो, लाइनचा नाही. म्हणून सेटिंग 21 च्या 0.58 पट, म्हणजे साधारण 12. नेमप्लेट वाचून तिथे 21 लावलं तर लाइनला 36 अँपिअर होईपर्यंत रिलेला पत्ताच लागत नाही. रिले इनकमिंगच्या लाइनमध्ये असेल तर मात्र 21 बरोबर.

ट्रिप का होतेय हे शोधायला तिन्ही फेजचा करंट मोजा. तिन्ही सारखे आणि जास्त असतील तर आधी मशीनकडे वळा: बेअरिंग जाम, बेल्ट ताणलेला, पंपात काहीतरी अडकलेलं. एकाचा करंट शून्य किंवा फारच कमी असेल तर फ्यूज गेलाय, कॉन्टॅक्टरचा पॉइंट खाल्लाय किंवा थिंबल (वायरच्या टोकाची पकड) ढिली आहे. मोटर नुसती गुंगते, फिरत नाही, तेव्हाही आधी एक फेज गेलाय का तेच बघा. आणि पुन्हा पुन्हा रिसेट दाबत बसू नका.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष

सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवरचं कॉन्ट्रॅक्ट डाउनलोड करून ठेवा. स्टायपेंडमधला सरकारी वाटा थेट खात्यात येतो, त्यामुळे खातं आधारशी जोडलेलं हवं. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे आणि त्यानुसार अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही. "शिकायला मिळेल" म्हणून कुणी रोज थांबवून घेत असेल तर हे माहीत असू द्या. डायरी त्या त्या दिवशी भरा, काय दुरुस्त केलं ते नेमकं लिहा. आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव वेगवेगळं असेल तर ते रुजू होण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर ट्रेड टेस्टनंतर प्रमाणपत्रासाठी चकरा माराव्या लागतील.